पाचपैकी शून्य, आणि आमची काकी

२०२३ च्या कर्नाटक विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला तरी डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. १३ मे ला सकाळपासनं आम्ही बेळगावात मतमोजणी चाललेल्या आरपीडी कॉलेजच्या बाहेर उन्हात थांबलेलो, आणि जो तो एकच विचारायचा, बेळगाव दक्षिणचं काय झालं? बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या रमाकांत कोंडुसकरांना ६४ हजारांच्या वर मतं पडली, पण भाजपचे अभय पाटील साधारण १२ हजारांनी निघाले. मग ग्रामीण गेलं, उत्तर गेलं, खानापूर, यमकनमर्डी, समितीनं लढवलेल्या पाचही जागा गेल्या. राज्यात काँग्रेस १३५, भाजप ६६. आमच्या जिल्ह्यात १८ पैकी ११ काँग्रेसला, ७ भाजपला, समितीचा एकही नाही.

२०१८ ला निदान सांगायला कारण होतं. खानापुरात समितीचेच दोन उमेदवार, दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्या काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांपेक्षा जास्त भरत होती. ह्यावेळी एका जागेला एकच उमेदवार दिला, लोक मागत होते ती एकी झाली, तरी हेच? फडणवीस इथं येऊन समितीच्या विरोधात भाजपचा प्रचार करून गेले ते मला लई लागलं, खोटं कशाला बोलू. आणि चिन्हाचं पण आहेच की, आपले उमेदवार कागदावर अपक्ष, प्रत्येक मतदारसंघात वेगळं चिन्ह, म्हणजे येळ्ळूरची लेक उचगावला दिली की माहेरचं चिन्ह तिच्या कामाचं नाही.

पण खरं उत्तर मला आमच्या काकीनं दिलं. जन्मभर समितीला मत देणारी बाई, ह्यावेळी ग्रामीणमध्ये हाताला दिलं. मी जरा चिडूनच विचारलं तर म्हणाली, "महिन्याला दोन हजार देतो म्हणून कार्ड तरी घरात आणून दिलं की रे त्यांनी. तुमची पोरं इलेक्शनला येत्यात, मधल्या पाच वर्षांत कोण आलंय सांग बघू?" मला काही बोलताच आलं नाही. काकी मराठी सोडून कुठं गेलेली नाही, १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत ती माझ्या पुढं असते.

तिच्या शेताचा उतारा पूर्ण कन्नडमध्ये आहे. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी सूचना, कागद त्यांच्या भाषेत पण द्यायचे असा नियम आहे, आणि आपण तर कितीतरी गावांत निम्म्याच्या वर आहोत. त्यासाठी समितीनं मोर्चे काढलेत, निवेदनं दिलीत, मी पण गेलोय. सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासनं आहे, तो चालू दे, लढायलाच पाहिजे, पण तोवर काकीनं उतारा घेऊन कुणाकडं जायचं? गल्लीत आठवड्यातनं एक दिवस कन्नड वाचता येणारा आपला एक पोरगा टेबल टाकून बसला, रेशन, पेन्शन, उतारा बघून दिला, तर त्याला आमदार लागत नाही.

मंडळाच्या पोरांशी बोललोय, दोघं तयार आहेत. रविवारी मारुतीच्या देवळात बसायचं ठरलंय, काकीला उतारा घेऊन यायला सांगितलंय.