दोन चर्चचं गाव आणि आपलं वसतिगृह

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी, पण चर्च दोन. एक अमेरिकन मिशनचं, दुसरं एस.पी.जी.चं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या मिशनसंस्थेचं. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली, इंग्लंडहून एस.पी.जी.वाले आले ते पुढे काही दशकांनी. बिशप असावा की नसावा, प्रार्थना पुस्तकातून वाचावी की मनाने करावी, हे वाद मुळात बोस्टन आणि लंडनचे. बांध मात्र आमच्या गावात पडला. भावकी एक, लग्नाची पंगत एक आणि रविवारी सकाळी तोंडं दोन दिशांना. माझे आजोबा एका बाजूचे, आजीचं माहेर दुसऱ्या बाजूचं. त्यामुळे हे सगळं मी घरातच ऐकत वाढले.

१९६९ च्या जूनमध्ये आठवीला आपल्या शाळेच्या वसतिगृहात आले, तर तिथेही तेच! एस.पी.जी.च्या मुली गुडघे टेकून छापील प्रार्थना म्हणायच्या, आम्ही अमेरिकन मिशनच्या मुली बसून डोळे मिटून सुचेल तशी करायचो. "वाचून दाखवली ती कसली प्रार्थना?" असं आमच्यातली कुणीतरी म्हणायची. "तुम्हांला तर दृढीकरण सुद्धा नाही," असं तिकडून उत्तर यायचं. दृढीकरण म्हणजे बिशपने डोक्यावर हात ठेवून विश्वास पक्का करण्याचा विधी. एकदा हे इतकं वाढलं की दोन मुलींनी एकमेकींशेजारी झोपायचं नाही म्हणून वळकट्या उचलल्या.

आमच्या वसतिगृहाच्या बाईंनी कुणाला ओरडा दिला नाही. त्या रात्री कंदिलाशी बसून त्यांनी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला. यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांतली एक बाई विहिरीवर येशूला काय विचारते? आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करायचे, तुम्ही म्हणता यरुशलेमेत करावी, खरं कोणतं? बाई वाचता वाचता थांबल्या. "बघा गं, साक्षात ख्रिस्त समोर बसलाय आणि हिला जागेचा वाद सुचतोय," त्या म्हणाल्या. मग पुढचं वाचलं. देव आत्मा आहे, आत्म्याने आणि खरेपणाने त्याची उपासना करायची. ते ऐकल्यावर ती आपली घागर तिथेच टाकून गावात धावली, लोकांना बोलवायला. आम्ही सगळ्या पाणी भरणाऱ्या घरांतल्या मुली. भरायला आणलेली घागर विहिरीवर टाकून जायचं म्हणजे काय, हे आम्हांला समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एक रीत घातली. संध्याकाळची प्रार्थना चालवायची पाळी आली की एस.पी.जी.च्या मुलीने मनाने प्रार्थना करायची आणि अमेरिकन मिशनच्या मुलीने पुस्तकातली वाचायची. सुरुवातीला आमची जीभ अडखळायची. पण पापकबुलीची ती जुनी प्रार्थना मी स्वतः मोठ्याने वाचली, तेव्हा माझ्याच मनातलं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय असं वाटलं. भजनं मात्र दोन्हीकडे तीच, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळकांबद्दल बाई फार प्रेमाने बोलत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे भक्त म्हणून बसावेत अशी त्यांची इच्छा होती.

मी नववीत असताना, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या चर्चसंस्था, एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. आमच्या गावची दोन्ही चर्च एकाच मंडळीत आली. मोठ्यांना ते पचायला वेळ लागला. आमच्या खोलीत ते आधीच होऊन गेलं होतं.

वाद घालूच नयेत असं बाईंनी कधी शिकवलं नाही, हेही लिहायला हवं. बायबलात आहे, अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र विदेश्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला तोंडावर अडवलं. तोच पौल रोमकरांना लिहितो की कोण काय खातो आणि कोण कोणता दिवस पाळतो यावरून भावाला दोष लावू नका. मंडळीत कुणी जात काढली, कुणी गरिबाला मागे बसवलं, मंडळीची जमीन परस्पर विकली, तर गप्प बसणं पाप आहे असंच मी मानते. पण गेली काही वर्षं मी जे पाहते आहे ते वेगळंच. बाप्तिस्म्याला पाणी शिंपडायचं की बुडी द्यायची, बांगड्या घालाव्यात की उतरवाव्यात, ढोलकी की ड्रमसेट, कमिटीत कोणाचं पॅनल! माझ्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईची मयत दारात असताना शास्त्रवाचन कोणत्या पाळकांनी करायचं यावर अंगणात तासभर बोलाचाली चालली होती. तिच्या उशाशी झिजलेलं शुभवर्तमान होतं. ते कुणी उघडलं नव्हतं. शेवटी तिच्या नातीने ते घेतलं आणि योहानाचा चौदावा अध्याय वाचायला लागली, तेव्हा अंगण शांत झालं.

शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी माझी एक विनंती आहे. वसतिगृहात आता पूर्वीपेक्षा जास्त प्रकारच्या मंडळ्यांतल्या मुली असतील. रोमन कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल. बाईंनी घातलेली ती प्रार्थनेची रीत बंद झाली असेल तर ती पुन्हा सुरू करावी. एकीने दुसरीच्या रीतीने प्रार्थना चालवावी आणि आठवड्यातून एकदा शुभवर्तमानाचा एक अध्याय सगळ्यांनी मिळून वाचावा. त्यासाठी लागतील तेवढी शुभवर्तमानं आणि टिळकांच्या भजनांच्या वह्या द्यायला मी तयार आहे. आमच्या तुकडीतल्या दोघी-तिघी दर महिन्याला येऊन मुलींबरोबर बसायला राजी आहेत. मुख्याध्यापिकांनी फक्त वार कळवावा.