एकाच स्थानकातले दोन गट

२०१६ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील जपानच्या किबो प्रयोगशाळेसाठी बारा नर उंदीर रवाना झाले. तिथे सहा उंदीर भारहीन अवस्थेत राहिले, तर उरलेल्या सहांचे पिंजरे मिनिटाला ७७ फेरे घेणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गोल फिरून वजनाचा भास निर्माण करणाऱ्या यंत्रावर, बसवलेले होते, त्यामुळे त्यांना पृथ्वीवरच्याइतकेच वजन जाणवत होते. ३५ दिवसांनी बाराही उंदीर जिवंत परतले. मी तेव्हा जपानमध्ये हाडांच्या सीटी स्कॅनचे काम करत होतो. त्या उंदरांच्या मांडीच्या हाडांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाहिली तो दिवस माझ्या कामातला सर्वांत मोलाचा दिवस आहे.

भारहीन गटातल्या हाडांच्या टोकाशी असलेली आतली जाळी विरळ झालेली दिसत होती. फिरवलेल्या गटात ती जमिनीवर ठेवलेल्या उंदरांसारखीच शाबूत होती. अंतराळात हाडे झिजतात हे आम्हाला ठाऊकच होते. मात्र उड्डाणाचे हादरे, किरणोत्सर्ग, बंद पिंजरा, एकटेपणा यांपैकी कशाचा वाटा किती, हे केवळ जमिनीवरच्या उंदरांशी तुलना करून सांगता येत नाही. इथे दोन्ही गटांनी तोच प्रवास केला होता, तीच हवा घेतली होती, आणि फरक होता तो फक्त वजनाचा. पेशींच्या बाबतीत हाच मार्ग आधी चोखाळला गेला होता: १९८३ मध्ये अंतराळात लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी जवळजवळ सक्रियच होत नाहीत असे आढळल्यावर १९८५ च्या स्पेसलॅब या अंतराळ प्रयोगशाळेच्या मोहिमेत यानातच १ जी, म्हणजे पृथ्वीइतके वजन देणारा सेंट्रिफ्यूज ठेवण्यात आला. पण सस्तन प्राण्याच्या अख्ख्या सांगाड्यात तोच पुरावा डोळ्यांनी पाहणे मला फार मोठे वाटले.

किबोतल्या त्या यंत्राची त्रिज्या जेमतेम १५ सेंटिमीटर आहे. त्यामुळे उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे डोके आसाजवळ जाते आणि तिथले वजन पायांपेक्षा बरेच कमी होते. स्थानकासाठी अडीच मीटर व्यासाच्या सेंट्रिफ्यूजचा स्वतंत्र कक्ष जपान बांधत होता. तो २००५ मध्ये रद्द झाला, याची मला आजही खंत वाटते.

पुढे चंद्राइतक्या, म्हणजे सुमारे एक षष्ठांश वजनातही उंदीर ठेवले गेले. त्यात पोटरीतल्या सोलियस स्नायूचे आकारमान टिकले, पण त्यातल्या तंतूंचा प्रकार तरीही बदलला.