दोआई: गाडीचा चढ वाचला, तो आपल्या पायांत आला

गुन्मा प्रांताच्या उत्तर टोकाला, तानिगावा डोंगराच्या पायथ्याशी दोआई नावाचं स्टेशन आहे. फलाट दोनच. टोकियोकडे जाणारा अप फलाट उघड्यावर, झाडीत. निइगाताकडे जाणारा डाउन फलाट मात्र डोंगराच्या पोटात, बोगद्याच्या आत. दोन्हींच्या उंचीत सुमारे ७० मीटरचा फरक, आणि वर जायला लिफ्ट नाही की सरकता जिना नाही.

आम्ही टोकियोहून ताकासाकी, मिनाकामी असं गाड्या बदलत गेलो. मिनाकामीहून नागाओकाकडे दिवसातून मोजक्याच गाड्या सुटतात, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच निघावं लागतं. गाडी दोन डब्यांची. सुटल्यावर थोड्याच वेळात ती बोगद्यात शिरली, युबिसो आलं आणि गेलं, आणि मग काळोखात ब्रेक लागले. दोआई. आमच्याबरोबर सॅक लावलेले काही गिर्यारोहक उतरले. बाहेर ऑगस्टचा उकाडा होता. इथे उतरताक्षणी हिने बॅगेतून जॅकेट काढलं. भिंती ओल्या, दिव्यांभोवती धुकं, आणि गाडी निघून गेल्यावरही कितीतरी वेळ ऐकू येणारा तिचा आवाज.

असं विचित्र स्टेशन कोणी मुद्दाम बांधत नाही, ते तसं होत जातं. पूर्वी टोकियोहून निइगाताला रेल्वेने जायचं तर मध्ये ही डोंगररांग आडवी, म्हणून नागानोकडून मोठा वळसा पडायचा. १९२२ साली शिमिझू बोगद्याचं काम सुरू झालं आणि १९३१ साली ९.७ किलोमीटरचा तो बोगदा खुला झाला. त्या वेळी जपानमधला सर्वांत लांब. डोंगरात जितकं वर जाऊन भोक पाडावं तितकं ते आखूड होतं, म्हणून आधी गाडीला वर चढवलं. घाटाचा चढ म्हणजे काय, ते कर्जतला गाडी ढकलायला मागून बँकर इंजिनं लागताना पाहिलेल्यांना सांगायला नको. इथे त्यांनी रूळच डोंगरात गोल फिरवले. गाडी बोगद्यातल्या बोगद्यात एक वेढा घेते आणि स्वतःच्याच वाटेच्या वर येऊन पोचते.

त्या चढाच्या माथ्यावर, बोगद्याच्या तोंडाशी दोआई. आधी नुसती गाड्यांच्या क्रॉसिंगची जागा होती, १९३६ साली रीतसर स्टेशन झालं. मार्ग एकेरी होता. गाड्या वाढल्या तसा दुसरा रूळ हवा झाला, पण तोवर लांब बोगदा खणणं पूर्वीइतकं अवघड राहिलं नव्हतं. मग वेढा कशाला घ्यायचा? १९६७ साली खालून जवळजवळ सरळ, साडेतेरा किलोमीटरचा नवा शिमिझू बोगदा आला. डाउन गाड्यांचा चढ वाचला. पण स्टेशनची इमारत होती तिथेच, वर. राहिलेला चढ प्रवाशांच्या वाट्याला.

तो चढ म्हणजे ३३८ मीटर लांबीचा, एकही वळण नसलेला जिना. ४६२ पायऱ्या. खाली उभं राहून वर पाहिलं की दिव्यांच्या दोन रांगा लांबवर एकमेकींना टेकतात. पाच पायऱ्या, थोडी सपाटी, पुन्हा पाच पायऱ्या. कडेच्या नालीतून डोंगराचं पाणी खळखळत खाली येत असतं. अधूनमधून पायरीवर आकडा रंगवलेला आहे. तो दिलासा की टोमणा, हे तुमच्या गुडघ्यांवर अवलंबून. जिन्याच्या एका बाजूला रिकामा पट्टा दिसतो. तिथे सरकता जिना बसवायचा बेत होता म्हणे, पण तो काही बसला नाही. वाटेत बाकडी आहेत. आम्ही एकही सोडलं नाही.

वर पोचल्यावरही संपत नाही. पुढे १४३ मीटरचा बंदिस्त पूल, खाली युबिसो नदी आणि हमरस्ता, आणि शेवटी आणखी २४ पायऱ्या. एकूण ४८६. फलकावर बाहेर पडायला दहा मिनिटं लागतील असं लिहिलंय. स्टेशनवर कर्मचारी होते त्या काळी डाउन गाडीची तिकीट तपासणी सुटण्याच्या दहा मिनिटं आधीच बंद करत, कारण नंतर आलेला माणूस खाली पोचणारच नाही. १९८५ पासून इथे कोणी नसतं. स्टेशनच्या जुन्या कार्यालयात आता कॅफे आहे. त्या चढानंतर तिथली कॉफी कशी आहे याची चिकित्सा कोण करणार!

या स्टेशनचा खरा गिऱ्हाईक कायम गिर्यारोहक. तानिगावा जेमतेम १,९७७ मीटरचा, पण त्याचे कडे आणि लहरी हवा यांनी आजवर आठशेहून अधिक जीव घेतले आहेत. १९३१ला रेल्वे आली, टोकियोचे लोक रात्रीच्या गाडीने सहज पोचू लागले, आणि त्याबरोबर हा आकडाही वाढत गेला. १९८२ साली शिंकान्सेनसाठी याच डोंगररांगेतून काढलेला तिसरा, २२.२ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. लांब पल्ल्याची वाहतूक तिकडे गेली.

बरेच जण मोटारीने येतात, जिना उतरतात, फोटो काढतात आणि पुन्हा चढतात. माझ्या मते ही दुप्पट शिक्षा आहे. डाउन गाडीने खाली उतरावं, जिना चढावा आणि परतताना वरच्या फलाटावरून अप गाडी पकडावी. म्हणजे १९६७ची वाट येताना होते आणि १९३१ची जाताना. खिडकीतून युबिसो स्टेशन खूप खाली दिसतं, मग गाडी वेढ्याच्या बोगद्यात शिरते आणि काही मिनिटांनी त्याच युबिसोच्या फलाटाला लागते.