पहिला ट्रॅक डे: फाटकापासून परतीपर्यंत, आणि त्याआधीचं बुकिंग

ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर (सर्किटवर), पण शर्यत न लावता, चालवायचा दिवस. सर्किटचं फाटक सकाळी साडेसातच्या सुमाराला उघडतं आणि पहिली गाडी ट्रॅकवर जायला नऊ वाजतात. मधला दीड तास सह्या, आवाजाची तपासणी, ब्रीफिंग आणि रांगा यांत जातो. नवख्याला वाटतं, दिवस कसा जाणार ते ट्रॅकवर ठरेल. प्रत्यक्षात बरंचसं बुकिंग करतानाच ठरून गेलेलं असतं: कुठलं सर्किट, कुठल्या पद्धतीचा दिवस, सोबतीला कोण. म्हणून हा वृत्तांत घड्याळाच्या क्रमाने आहे, पण जागोजागी मागे बुकिंगकडे जातो.

पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या आवारात) शिरलात की आधी शेजारच्या गाड्या बघा. ट्रेलरवरून उतरणाऱ्या, आत लोखंडी पिंजरा आणि खाली स्लिक (बिनखाचांचे) टायर असलेल्या गाड्याच जास्त दिसल्या, तर दिवस चुकला असं समजा. ट्रॅकचे दिवस मुख्यतः तीन पद्धतींचे असतात. टेस्टिंगचा दिवस शर्यतीच्या गाड्यांसाठी असतो. तिथे प्रत्येक लॅपची (ट्रॅकच्या फेरीची) वेळ मोजतात आणि मिळेल तिथून ओव्हरटेक करतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच्या वाटेलाच जाऊ नये. ओपन पिटच्या दिवशी पिट लेन (पॅडॉकमधून ट्रॅकवर जायची-यायची वाट) दिवसभर उघडी असते, केव्हाही जा, केव्हाही या. सेशनच्या दिवशी नवखे, मधले आणि अनुभवी असे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला तासातली साधारण २० मिनिटं देतात.

ओपन पिटमध्ये पैसे जास्त वसूल होतात असं सगळे सांगतात, आणि अनुभवी माणसासाठी ते खरंही आहे. नवख्याने मात्र सेशनचा दिवस घ्यावा. सक्तीची ४० मिनिटांची विश्रांती ब्रेकलाही हवी असते आणि डोक्यालाही. ओपन पिटमध्ये ‘अजून दोनच लॅप’ म्हणत माणूस थकेपर्यंत बाहेर राहतो, आणि चुका नेमक्या त्या दोन लॅपमध्ये होतात. सेशनच्या पद्धतीत एक खोट आहे: गट आपला आपणच निवडायचा असतो. त्यामुळे फार वेगवान गाडी घेऊन आलेला, पण स्वतःला नम्रपणे नवखा म्हणवणारा एखादा गटात असतोच. कुणाला कुठल्या गटात घालायचं ते आयोजक स्वतः तपासतात का, आणि दुपारी गट बदलतात का, हे आधी विचारा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे एका वेळी ट्रॅकवर जास्तीत जास्त किती गाड्या सोडतात. ३.५ किमीच्या सर्किटवर २० गाड्या असतील तर दोन गाड्यांमध्ये सरासरी १७५ मीटर अंतर राहतं, आणि ताशी १०५ किमीच्या वेगाने ते सहा सेकंदांत संपतं. गाड्या समान अंतरावर कधीच राहत नाहीत, घोळक्याने फिरतात, म्हणजे प्रत्यक्षात मोकळी जागा याहून कमी. पहिल्या दिवसासाठी किलोमीटरला पाच-सहा गाड्या ही आमच्या मते वरची मर्यादा. आयोजकाला हा आकडा सांगता येत नसेल तर दुसरा आयोजक शोधावा.

सर्किट निवडताना नाव बघू नका, कडेची जागा बघा. चूक झाल्यावर गाडी कशावर जाणार: सपाट गवतावर, खडीवर की भिंतीवर? इंग्लंडमधलं बेडफर्ड ऑटोड्रोम अशा दिवसांसाठीच आखलेलं आहे. तिथल्या वळणांबाहेर भरपूर मोकळी जागा आहे, त्यामुळे शिकणाऱ्यांना ते मानवतं. दुसऱ्या टोकाला नुर्बुर्गरिंगचं नॉर्डश्लाइफ: २०.८ किमीचा ट्रॅक, पुढचं न दिसणारे चढ, कडेला लागूनच लोखंडी कठडे, आणि कठडा वाकवला तर त्याचं बिल चालकाला. पर्यटकांसाठी खुलं असतं तेव्हा तर तो कायद्याने एकेरी टोल रस्ता असतो, तिथे नवख्यांचा वेगळा गट नसतो. पहिल्या दिवशी तिथे जायचा मोह होतो. तो आवरा. २० किमीमध्ये एकच वळण पुन्हा यायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि शिकणं तर पुनरावृत्तीतून होतं. अडीच ते चार किमीचं, मध्यम आणि हळू वळणांचं सर्किट सगळ्यात चांगलं.

लांब सरळ पट्ट्यांबद्दलही थोडा हिशेब करावा. ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असते. ताशी १२० किमीवरून ६० वर येताना जेवढी उष्णता तयार होते, तिच्या तिपटीहून जास्त २०० वरून ८० वर येताना होते. भारतातल्या बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किमी आहे आणि त्यातला एकच सरळ पट्टा किलोमीटरहून लांब आहे. अशा ठिकाणी साध्या हॅचबॅकचे मूळ ब्रेक नवख्या पायाखाली किती लॅप टिकतील याचा अंदाज यावरून बांधा.

नोंदणीच्या टेबलावर लायसन्स दाखवून एका कागदावर सही करायची असते. हा कागद वाचा. स्वतःच्या गाडीचं नुकसान स्वतःच्या खिशातून, असं बहुधा त्यात असतं. रस्त्यासाठीचा विमा ट्रॅकवर चालेल असं गृहीत धरू नका, पॉलिसीतली अपवादांची यादी वाचा. एका दिवसापुरता ट्रॅकचा विमा मिळत असेल तर त्यात सुरुवातीची किती रक्कम आपण भरायची आणि कठड्याचं नुकसान धरलं आहे का, या दोन ओळी आधी बघा. लॅप टायमरला बहुतेक ठिकाणी बंदी असते, कारण वेळ मोजली की विमा कंपनी त्याला शर्यत म्हणते. फोनवरचं ॲपही त्यात आलं.

आवाजाच्या तपासणीत सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरतात आणि इंजिन ठरावीक आरपीएमवर, बहुधा कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर, चढवायला सांगतात. ९८ डेसिबलची मर्यादा असलेले दिवस असतात, १०५ चेही असतात. मूळ सायलेन्सरची गाडी सहसा पास होते. बदललेला सायलेन्सर असेल तर बुकिंगआधी आकडा विचारा, कारण इथून परत पाठवलं तर पैसे मिळत नाहीत. ट्रॅकच्या कडेलाही मायक्रोफोन असू शकतो. उंच एसयूव्ही आणि मागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) नसलेल्या उघड्या टपाच्या गाड्या अनेक आयोजक घेत नाहीत, तेही आधी विचारायचं.

ब्रीफिंग चुकवलं तर ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि तेच योग्य. पिवळा झेंडा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल: सेशन थांबलं, ओव्हरटेक न करता शांतपणे पिटमध्ये या. ब्रेकवर उभं राहायचं नाही, मागचा आदळेल. काळा दाखवला तर तुमच्याशी बोलायचं आहे, आत या. निळा: मागे वेगवान गाडी आहे. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा, बहुधा सांडलेलं तेल. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, ठरलेल्या एकाच बाजूने आणि पुढच्याने इंडिकेटर किंवा हात दाखवल्यावरच. नवख्याने एक सवय लगेच लावून घ्यावी: प्रत्येक वळणातून बाहेर पडलं की आरसा. मागे कुणी चिकटलं असेल तर खूण करून ॲक्सिलरेटर थोडा सोडा, जाऊ द्या. आपण लाइन (वळणांतून जायची आपली वाट) बदलायची नाही, बाजूने जायचं काम त्याचं.

हे चालू असताना गाडी रिकामी करायची. चालकाच्या पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, डिकीतला जॅक, दाराच्या कप्प्यातली नाणीसुद्धा. पहिल्याच जोराच्या ब्रेकला सीटखालची बाटली पेडलखाली येऊ शकते. टो हुक (गाडी ओढून न्यायचा आकडा) बसवून ठेवा. चाकाचे नट गाडी थंड असताना मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्ह्याने आवळा, आणि पहिल्या सेशननंतर चाकं थंड झाल्यावर पुन्हा तपासा. इंजिन ऑइल कमाल खुणेपर्यंत. पेट्रोल निदान अर्धी टाकी, कारण पाव टाकीच्या खाली लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि इंजिन झटके देतं. एरवी लिटरला १५ किमी देणारी गाडी इथे ५ देते असं धरा. नऊ लॅपची पाच सेशनं, ३.५ किमीचा ट्रॅक, म्हणजे सुमारे १५७ किमी आणि ३१ लिटर. सगळ्यात जवळचा पंप कुठे आहे ते येतानाच बघून ठेवावं.

सीट लावताना हेल्मेट घालूनच लावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर, आणि हेल्मेट व छत यांत चार बोटांची फट. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट, पायात पातळ तळव्याचे बूट. जाड तळव्याच्या स्पोर्ट्‌स शूजमधून पेडल कळत नाही.

सुरुवातीला आयोजकांच्या पुढे चालणाऱ्या गाडीमागून दोन-तीन संथ लॅप असतात. सगळ्यांचं लक्ष लाइनकडे असतं. तुम्ही मार्शलच्या (झेंडे दाखवणाऱ्यांच्या) चौक्या मोजा आणि पिटमध्ये शिरायची वाट नीट बघून ठेवा. पहिल्या सेशनमध्ये झेंडा न दिसण्याचं कारण बहुधा तो कुठे दिसेल हेच माहीत नसणं हे असतं.

प्रशिक्षक घ्यायचा तर पहिल्याच सेशनला घ्या. जेवणानंतर घेतला तर त्याचा अर्धा वेळ सकाळच्या सवयी मोडण्यात जातो. आठ लॅपच्या सेशनची विभागणी अशी: दोन लॅप टायर आणि ब्रेक गरम करायला, पाच कामाच्या, आणि शेवटची थंड करायची, वरच्या गिअरमध्ये, जमेल तितकी ब्रेकला हात न लावता. कामाच्या लॅपमध्येही ब्रेक सरळ रेषेत संपवून मग वळायचं. ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करायचं नाही. त्याचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर स्टिअरिंग किंवा ॲक्सिलरेटर उतावीळपणे वापरला जातोय.

नवख्याच्या गाडीत सगळ्यात आधी बोंब मारतात ते ब्रेक. दोन बिघाड वेगळे ओळखा. पेडल मऊ होऊन खोल जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं: त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत आणि तुमचा दाब ते दाबण्यातच खर्च होतोय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून निकामी झालेले असतात. दुसरा बिघाड एक-दोन संथ लॅपनी बरा होतो. पहिला होत नाही, ऑइल काढून नवं भरावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ही हमी १५५ अंशांवर येते. म्हणून दिवसाच्या आठवडाभर आधी नवं डॉट ४ किंवा ५.१ भरून हवा काढून घ्या. नुसत्या डॉट ५ पासून लांब राहा, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. खर्च करायचाच असेल तर इथे करा, सायलेन्सरवर नको.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि ब्रेकवर पाय ठेवून थांबू नका. तापलेला पॅड एकाच जागी चिकटून डिस्कवर थर सोडतो आणि मग स्टिअरिंग थरथरायला लागतं. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा, दोन मिनिटांनी अर्धा मीटर पुढे ढकला.

टायरमधली हवा थंड असताना कंपनीने सांगितलेलीच ठेवून सुरुवात करायची. सेशननंतर ती ४ ते ६ पीएसआयने चढलेली दिसते. आल्या आल्या मोजा, चारही टायरचे आकडे लिहा, आणि वाढलेल्यातली थोडी सोडा. किती सोडायची ते खडू सांगतो: टायरच्या खांद्यावर आडव्या रेघा ओढून जा. रेघा बाजूच्या भिंतीपर्यंत पुसल्या गेल्या तर हवा कमी आहे. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या सर्किटवर पुढचा डावा टायर सगळ्यात आधी झिजतो, कारण उजव्या वळणांचा भार त्याच्यावर येतो.

गाडी बाहेर जायला लागली तर ओढून ट्रॅकवर आणू नका. सरळ जाऊ द्या. गवतावरून झटक्यात परत आलेली गाडी समोरच्या कडेला आपटते. फिरली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा. थांबल्यावर आग नसेल तर पट्टा लावून आतच बसा, मार्शलची खूण झाली की निघा आणि थेट पिटमध्ये येऊन खालून तपासून घ्या.

पाऊस आला म्हणून बुकिंग रद्द करणारे असतात. नवख्याने करू नये. वेग कमी, झीज कमी, गर्दी कमी, आणि हाताचा उतावीळपणा लगेच कळतो. फक्त कोरड्यातली लाइन ओल्यात निसरडी असते, कारण तिथे रबर बसलेलं असतं. साचलेल्या पाण्यापासून मात्र लांब राहायचं.

चारच्या सुमाराला अर्धं पॅडॉक रिकामं होतं आणि ट्रॅक मोकळा दिसतो. तेव्हाच पाय जड झालेले असतात. चार-पाच सेशन झाली असतील तर शेवटचं सोडून द्या.

निघताना टायरमध्ये रस्त्याची हवा पुन्हा भरा. सोडलेली हवा तशीच राहिली तर थंड झाल्यावर टायर धोकादायक इतके बसतात. नट आवळा, मॅट आणि जॅक जागेवर ठेवा, पेडल पहिल्यासारखं घट्ट आहे का बघा. घरी चाक काढून पॅडची जाडी मोजा. सकाळी ९ मिमी होती आणि आता ७ असेल, तर पाच सेशनला २ मिमी. ४ मिमीच्या खाली जायचं नाही असं धरलं, तर या पॅडवर अजून सातएक सेशन निघतील. पुढचं बुकिंग त्या हिशेबाने करा.