कपडे ४३ नग, कूलर १

पावती अजून माझ्याकडे आहे. फिकट गुलाबी कागद, वर संस्थेचं नाव, खाली वाकडा बसलेला शिक्का. 'रुपये' छापलंय तिथं काट मारून निळ्या पेनानं लिहिलंय : कपडे ४३ नग, कूलर १, लोखंडी पलंग १, पितळी गुंड २. 'अक्षरी' पुढं नुसती आडवी रेघ.

गोष्ट मे २०२४ ची. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांची मधली खोली रिकामी करायला घेतली. टेक्ससहून भाची सुटीवर आली होती. इथं पारा पंचेचाळीसच्या वर, आणि ही पोरांचे लहान झालेले स्वेटर वाटायला बॅग भरून घेऊन आलेली! तर ती म्हणाली, "मावशी, जे काही देशील त्याची पावती घे. तिकडं आम्ही टॅक्समध्ये दाखवतो."

मला खरंच नवल वाटलं. जुन्या पँटवर करसवलत? तिनं समजावून सांगितलं. कपडे, घरातलं सामान चांगल्या अवस्थेतलं पाहिजे, २००६ पासून तसा कायदाच आहे तिथं. किंमत घेतानाची धरायची नाही, जुन्या वस्तूंच्या दुकानात जे येतील ते. एका वेळचं दान २५० डॉलरचं किंवा त्याहून जास्त असेल तर संस्थेचं लेखी पत्र हवं. वर्षभरातल्या वस्तू मिळून ५०० च्या वर गेल्या तर ८२८३ नंबरचा वेगळा फॉर्म. मी विचारलं, मग तुझे किती वाचतात? तर बाई हसायला लागली. वजावटी एकेक करून दाखवल्या तरच हे लागू. एरवी नवरा-बायकोला मिळून २०२४ साठी २९,२०० डॉलरची ठोक वजावट तशीच मिळते, त्यामुळे त्या दोघांनी तो फॉर्म कधी भरलेलाच नाही. आणि तिथली मान्यता असलेल्या संस्थेलाच दिलेलं चालतं म्हणून आमच्या गावात वाटलेले स्वेटर तिकडंही हिशेबात नाहीत आणि इकडंही नाहीत.

तरी पावतीचं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला कागदाचा मोह सुटत नाही.

आता किंमत ठरवायची कशी? ते काम आमच्याकडं भांडेवाली करते. दुसऱ्याच दिवशी ती ओट्यावर टोपली उतरवून बसली. ह्यांची एक पँट तिनं उन्हाकडं धरली, बुडाशी कापड विरलंय का ते पाहिलं, चेन दोनदा वर-खाली केली, खिसे उलटे करून शिवण ओढली. साडी हातात आली की आधी काठावरून अंगठा, मग पदर, मग निरीजवळचा भाग, जिथं पैंजणानं फाटतं. तोंडानं एक अक्षर नाही. सगळं पाहून झाल्यावर तीन पँटी आणि दोन साड्यांचा एक स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, ठरला. झाकणाचं विचारलं तर म्हणते, "झाकन पाह्यजे तं अजून एक प्यांट आना." सासूबाईंची सुती लुगडी तिनं हातही न लावता बाजूला सारली. "हे कोन नेसते आता? गोधडीले ठेवा."

गंज घेतला, झाकण सोडलं. बाकीचं छोटा हत्ती करून (भाडं ७००) तालुक्याच्या निराधार वृद्धांच्या आश्रमात नेलं. कूलर पाहून तिथल्या लोकांचे चेहरे उजळले. मे महिन्यात आमच्याकडं कूलर म्हणजे सोनंच. लुगडी मात्र त्यांनीही परत केली. "सगळ्या आजीबाई गाऊनवर असतात, मॅडम. धुवायले सोपं पडते."

मी पावती मागितली, ८०जी ची. ८०जी म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्यातलं दानावरच्या सवलतीचं कलम. तिथला बाबू फार समजूतदार निघाला. "वस्तूंवर काही भेटत नाही. पाहिजे तं एकोणीसशेची रोख पावती फाडून देतो. कोनाले कळते?" एकोणीसशेच का, ते मला नंतर कळलं. मी नको म्हटलं. प्रामाणिकपणापेक्षा भीतीच जास्त, उगाच कशाला खोटं सांगू. मग त्यानं नाराजीनंच 'रुपये' खोडून खरी पावती लिहिली.

जूनमध्ये रिटर्नचे कागद घेऊन गेले. आमचं रिटर्न भरणारा पोरगा माझाच विद्यार्थी, चौथीत पाढे चुकवायचा. आता तोच मला शिकवतो. म्हणाला, ८०जी मध्ये दान फक्त पैशाचं धरतात. कपडे, धान्य, भांडी, काहीच नाही. ही अट १९७६ पासूनची. पैसाही रोख असेल तर २,००० पर्यंतच. आधी ती मर्यादा १०,००० होती, २०१७-१८ पासून खाली आणली. म्हणजे बाबू कायदा जाणून होता! शिवाय आता नुसती पावती पुरत नाही. संस्थेनं देणाऱ्याच्या पॅनसकट १० बीडी हा फॉर्म ३१ मेपर्यंत भरायचा आणि आपल्याला १० बीई नावाचं प्रमाणपत्र द्यायचं. त्या एकोणीसशेंचं बाबूनं तिथं काय केलं असतं, देव जाणे.

"आणि तुम्ही तं नव्या करप्रणालीत हाय मॅडम," त्या पोरानं शेवटी सांगितलं. "पैसे देले असते तरी शून्यच."

परत येताना आमच्याच शाळेच्या भिंतीवर नजर गेली. गाडगेबाबांची दशसूत्री, दरवर्षी मीच रंगवून घेते. बाबांचं जन्मगाव शेंडगाव इथून फार लांब नाही. उघड्यानागड्यांना वस्त्र, आणि शेवटी तो 'रोकडा धर्म'. चिंध्यांची गोधडी पांघरणाऱ्या बाबांच्या रोकड्या धर्मात लुगडं बसतं. आयकर खात्याचा रोकडा धर्म निराळा, तिथं पैसाच चालतो, आणि रोकडा तर दोन हजारांपर्यंतच. मला एकटीलाच रस्त्यात हसू आलं.

पण वस्तूंना नाही म्हणणाऱ्या कायद्याचं मला वाईट वाटलं नाही. भांडेवालीचा अंगठा खात्याला कुठून आणायचा? माझ्या साडीची किंमत मीच लिहायची म्हटलं तर मी काय कमी लिहिली असती?

दिवाळीत सासूबाईंचं लोखंडी कपाट विकलं, ३,२०० ला. घरातले कपडे, फर्निचर असं विकलं तर नफ्याचा कर लागत नाही, फक्त दागिने, चित्रं, शिल्पं असल्या वस्तूंना ही सूट नाही. हे बँकेत आहेत, घराच्या कर्जापायी जुन्या प्रणालीतच राहिलेत. म्हणून ह्यांच्या खात्यातून त्याच आश्रमाला ३,२०० फोन पे केले. मे महिन्यात प्रमाणपत्र आलं. निम्मी रक्कम वजा, म्हणजे १,६००. ह्यांचा दर २० टक्के आणि वर उपकर. वाचले ३३३ रुपये. ह्यांनी ते ऐकलं आणि छोट्या हत्तीचं भाडं किती होतं तेवढंच विचारलं.

लुगडी सहा उरली होती. दोन वेळा परत आलेली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. गल्लीतल्या एका काकूंनी त्या लुगड्यांच्या दोन गोधड्या घातल्या, हातशिलाईनं, कोपऱ्यात सासूबाईंच्या हिरव्या खणाचे त्रिकोण लावून. एक माझ्या खाटेवर आहे. दुसरी भाचीनं मागितलीय. परवा फोनवर वजन विचारत होती. विमानात एका बॅगेला तेवीस किलोच चालतात म्हणे. शाळेच्या पोषण आहाराच्या काट्यावर टाकून बघणार आहे.