चोर्ल्याने वर, आंबोलीने खाली: साखळी ते तेरेखोल

गोव्याहून बेळगावला जाणारी बहुतेक माणसं चोर्ला घाटाने जातात आणि चोर्ल्यानेच परत येतात. काम असेल तर ठीक आहे. पण हातात दोन दिवस असतील तर परतीला आंबोली घाट धरा, सावंतवाडीवरून शिरोड्याला समुद्र गाठा आणि तेरेखोलच्या फेरीबोटीने घरी या. तीन राज्यं, दोन घाट आणि शेवटी खाडी. दसरा झाल्यावर आम्ही हा फेरा केला. गाडी मेहुण्याने चालवली. मागे आई होती आणि आईला गाडी लागते, त्यामुळे सगळं वेळापत्रक तिच्या पोटावर बेतलेलं.

दिशा हीच ठेवा. उलटं केलं तर फेरी सकाळी मिळते, पण चोर्ला उतरताना हमखास संध्याकाळ होते आणि तिथलं धुकं अंधारात नको. शनिवार-रविवारही टाळा. सुट्टीला पठारावरची सगळी गर्दी गोव्याकडे उतरत असते आणि अरुंद वळणावर तिला तोंड द्यावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे बघायला जाणाऱ्यांना मी अडवणार नाही, पण दरडी त्याच दिवसांत येतात. आई-वडिलांना घेऊन जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

पेट्रोलची टाकी साखळीतच भरून घ्या, दोन्ही शेजारी राज्यांपेक्षा आपल्याकडे स्वस्त पडतं. विमा, पीयूसी, लायसन्स हाताशी ठेवा. भाड्याची गाडी असेल तर ती राज्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, हे मालकाला आधी विचारा. आणि डिकीत बाटली नको. परवान्याशिवाय गोव्याची दारू पलीकडे नेणं दोन्ही राज्यांत गुन्हा आहे, आणि नाक्यावर गाडी उघडायला लावतात.

साखळीला भाजीपाव खाऊन निघालो. आईने फक्त कोरा चहा घेतला. सत्तरीतलं केरी सोडलं की चढ लागतो आणि थोड्या वेळाने खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं. फोटोसाठी वळणावर गाडी लावू नका, पुढे रुंद जागा मिळते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायला लाजू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम, पण वरून येणारा प्रत्येक जण तो पाळेलच असं धरून चालू नका. मोबाईलची रेंज मध्येच जाते, म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवा.

कणकुंबीला थांबलोच. माउलीचं देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम. घाटाच्या अलीकडे सुर्ल्यात पडलेला पाऊस म्हादईतून आपल्याकडे येतो, आणि कणकुंबीतून निघालेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून गोवा-कर्नाटकात चाललेला वाद पेपरात वाचून डोकं फिरतं, पण या पठारावर उभं राहिलं की तो नीट कळतो: दोन्हीकडच्या पाण्यात अंतरच किती थोडं आहे! चहाच्या टपरीवर बाईंनी विचारलं, "खालून आलासा काय? घाटात धुकं हाय काय ओ?" पाट्या कन्नड, बोलणं मराठी. पुढे जांबोटीपर्यंत रस्ता ठिगळांचा होता, तिथे वेळ जातो. जांबोटीला एक फाटा खानापूरकडे जातो. तुम्ही पिरनवाडीचा धरा.

बेळगावात जेवण आणि कुंदा (इथली दुधाची मिठाई), बस्स. शहरात रमलात तर आंबोलीला अंधार होतो. वेंगुर्ल्याचा रस्ता धरून शिनोळीला महाराष्ट्रात शिरलं की चंदगड तालुक्याची ऊसशेती आणि काजूच्या बागा सुरू होतात. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे लागलात तर धीर धरा.

मुक्काम आंबोलीलाच करा. उंची साधारण 690 मीटर, त्यामुळे ऑक्टोबरातही रात्री स्वेटर लागला. सकाळी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी निघते, पुढे कुंड. या पाण्यात सापडलेल्या माशाला 2020 मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नाव मिळालं आणि 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. म्हणून कुंडात पाय धुणं, माशांना कुरमुरे टाकणं नको. तिथे एक गृहस्थ नेमकं तेच करत होते. आईने त्यांना दोन शब्द सुनावले, माझं काम वाचलं.

आंबोली घाट उतरताना दुसरा गिअर सोडू नका. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्या एका गाडीचा जळका वास आम्हाला दाणोलीपर्यंत येत होता. माकडांसाठी काच खाली करू नका. सावंतवाडीला मोती तलावाशी पाय मोकळे केले, चितार आळीत भाच्यासाठी लाकडी बैलगाडी घेतली आणि मळेवाडवरून शिरोडा. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथला. मिठागरं अजून आहेत, मीठ मात्र पावसाळ्यानंतर लगेच बघायला मिळत नाही, त्यासाठी उन्हाळ्यात या. माशाचं ताट इथेच खाऊन घ्या, पुढे आयत्या वेळी काही मिळेलच असं नाही.

रेडीच्या द्विभुज गणपतीला हात जोडून तेरेखोल. गंमत अशी की हा गाव गोव्याचा, पण खाडीच्या उत्तर तीरावर, म्हणजे गोव्यातून गोव्यात यायला फेरी! किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. तटावरून समोर पेडण्याचं केरी दिसतं (सत्तरीतलं ते वेगळं, नकाशात घोटाळा होतो).

फेरीचं आधी विचारून ठेवा. ओहोटीला कधी कधी ती बंद असते, आणि चालू असली तरी धक्क्याचा उतार तीव्र झाल्याने बुटक्या गाड्यांची खालची बाजू घासते. अशा वेळी वाट बघत बसू नका. रेडीला मागे फिरा, आरोंद्याला जा आणि किरणपाणीच्या पुलावरून पेडण्यात उतरा.