एचएमएस ऑडॅसिटी १/७००, अपडेट ४ : डेक बसला एकदाचा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी टाकतोय पण यावेळी दाखवण्यासारखं काम झालंय, ऑडॅसिटी या विमानवाहू जहाजाच्या १/७०० स्केल मॉडेलचा फ्लाइट डेक (वरची धावपट्टी) हलवर, म्हणजे जहाजाच्या खालच्या भागावर, पक्का बसला. पावसाळ्यात पुट्टी वाळायलाच दोन-दोन दिवस जात होते, त्यात पहिली शीट कडेला उचलली गेली म्हणून काढून दुसरी कापली, यावेळी आधी खालून आडव्या पट्ट्या चिकटवून घेतल्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवली. आता पट्टी लावून बघितलं तर सरळ आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, ही ब्रिटिश नौदलाची पहिली एस्कॉर्ट कॅरियर, म्हणजे कॉन्व्हॉयच्या (मालवाहू जहाजांच्या ताफ्याच्या) संरक्षणासाठीचं छोटं विमानवाहू जहाज. मूळची जर्मन मालवाहू मोटारशिप 'हॅनोव्हर', ५,५३७ टनांची, १९३९ मध्ये पाण्यात उतरलेली. मार्च १९४० मध्ये वेस्ट इंडिजजवळ एचएमएस ड्युनेडिन आणि कॅनडाच्या असिनिबोइन या युद्धनौकांनी तिला गाठलं, जर्मन खलाशांनी जहाज बुडवायचा प्रयत्न केला, आग लावली, तरी ब्रिटिशांनी ती विझवून जहाज ओढत जमैकाला नेलं. मग वरचं सगळं कापून ब्लाइथच्या गोदीत तिच्यावर सपाट डेक चढवला आणि जून १९४१ मध्ये ती नौदलात आली. घाई का, तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडणारी जर्मनांची फॉके-वुल्फ कॉन्डॉर विमानं जिब्राल्टरच्या कॉन्व्हॉयवर बाँब टाकायची आणि वर पाणबुड्यांना ठावठिकाणा कळवायची, आणि तिथपर्यंत ब्रिटनहून फायटर पोचत नव्हतं.

मला हे जहाज का आवडतं ते डेक हातात धरल्यावर नीट कळलं. हिला हँगर नाही, लिफ्ट नाही, आयलंड (डेकवरचा मनोरा) नाही, डिझेल इंजिन म्हणून चिमणीसुद्धा वर आलेली नाही. खऱ्या जहाजाचा डेक साधारण १३८ मीटर बाय १८ मीटर, म्हणजे आपल्या स्केलला १९.७ सेंमी बाय २.६ सेंमी, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा आखूड! तिच्यावरच्या मार्टलेट फायटरचे पंख साडेअकरा मीटर, म्हणजे साडेसोळा मिमी. ड्राय फिट करताना (गोंद न लावता जुळवून बघताना) दोन मार्टलेट शेजारी ठेवून बघितली तर पंख एकमेकांवर चढतात, एकामागे एक तिरकीच उभी करावी लागतात. आणि हँगर नसल्याने तिच्यावरच्या ८०२ स्क्वाड्रनची (विमान तुकडीची) सगळी विमानं दिवसरात्र अशीच उघड्यावर, अटलांटिकच्या खाऱ्या फवाऱ्यात. इंजिनची कामंही तिथेच, रात्री झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात, कारण समुद्रात उजेड दिसला तर पाणबुडीला आमंत्रणच. विमान उतरायचं असेल तर बाकीची पुढे ढकलायची, उडायचं असेल तर परत मागे. ही ढकलाढकल मी चिमट्याने करून बघितली तेव्हा त्या मेकॅनिक पोरांबद्दल जो आदर वाटला तो सांगता येत नाही.

सप्टेंबर १९४१ मध्ये ओजी ७४ कॉन्व्हॉयबरोबर तिच्या मार्टलेटने पहिला कॉन्डॉर पाडला. नोव्हेंबरमध्ये आणखी दोन, पण त्यात स्क्वाड्रनचा कमांडरच गेला. त्याच दिवशी त्यातल्या दुसऱ्या कॉन्डॉरवर वैमानिक एरिक ब्राउनने समोरून हल्ला करून त्याला पाडलं, कारण मागून गेलं तर तोफा तयारच असायच्या. हाच ब्राउन पुढे कॅरियरवर २,४०७ लँडिंग करून गेला, आणि त्याची सुरुवात या एवढ्याशा पट्टीवर झाली हे मला फार मोठं वाटतं.

आता मुख्य निर्णय. डेकवर विमानं किती ठेवायची? पूर्ण सहा ठेवली की फोटो छान येतो हे मान्य, पण मी तीनच ठेवणार आहे. १४ डिसेंबर १९४१ ला एचजी ७६ कॉन्व्हॉयबरोबर जिब्राल्टरहून निघताना उडण्याजोगी विमानं चारच होती. १७ तारखेला वैमानिक फ्लेचरने यू-१३१ या जर्मन पाणबुडीवर झेप घेतली, पाणबुडीच्या तोफेने त्याचं विमान पाडलं आणि तो गेला, पण यू-१३१ ला पाण्याखाली जाता आलं नाही आणि एस्कॉर्ट जहाजांनी तिला संपवलं. उरली तीन. १९ तारखेला आणखी दोन कॉन्डॉर पाडले ते या तीनमधूनच. माझं मॉडेल २० डिसेंबरचं आहे, दुसऱ्या दिवशी रात्री ती बुडाली.

२१ तारखेच्या रात्री कॉन्व्हॉयपासून बाजूला एकटीच झिगझॅग करत होती, एस्कॉर्ट प्रमुख कमांडर वॉकरकडे तिच्यासाठी वेगळं जहाज काढायला नव्हतं. कॉन्व्हॉयमधल्या जहाजाने उजेडाचे गोळे सोडले आणि त्या प्रकाशात यू-७५१ ला तिची काळी आकृती स्पष्ट दिसली. पहिला टॉर्पेडो इंजिन रूमला लागला, जहाज जागेवर थांबलं, मग जवळून आणखी दोन. ७३ माणसं गेली. जेमतेम सहा महिन्यांची नोकरी, पण त्यानंतर अमेरिका-ब्रिटनने असली कॅरियर डझनांनी बांधली.

सध्याची स्थिती: पोर्टहोल ०.३ मिमी ड्रिलने पाडून झाली, मागची एकुलती चार इंची तोफ बसली, उतरणारं विमान अडवणाऱ्या तारांसाठी स्प्रू (किटमधली प्लॅस्टिकची काडी) मेणबत्तीवर तापवून ओढलाय, केसापेक्षा बारीक निघाला. मार्टलेटना वर दोन करडे शेड आणि खाली स्काय (फिकट हिरवट रंग) मारलाय, एकाचा डावा पंख पुन्हा करावा लागेल, रंग जाड बसलाय. चौथं विमान तयार आहे पण ते डेकवर लावणार नाही, बेसच्या लाकडावर वेगळं, पाण्याच्या कडेला ठेवायचं ठरवलंय. पाणी जेलचं करू की ॲक्रिलिकचं यावर ज्यांनी या स्केलला काम केलंय त्यांनी जरूर सांगा, पुढच्या रविवारी तेच घेऊन बसणार आहे.